इंदूर-महेश्वर-मांडू: ज्येष्ठांच्या खाद्यसहलीत सराफ्याचे काय करावे?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार. सकाळी महात्मा टेकडीवर फिरायला येणाऱ्या आम्हा मंडळींचा एक चांगला गट जमला आहे. बहुतेक जण पासष्टी ते पंचाहत्तरीतले असून दोघे ऐंशी ओलांडलेले आहेत. या हिवाळ्यात इंदूर, महेश्वर आणि मांडू अशी सहल आपली आपणच आखावी, आणि तिचे मुख्य निमित्त देवदर्शन किंवा खरेदी नसून खाणे असावे, हे सर्वानुमते ठरले. सर्वानुमते ठरलेली ती शेवटची गोष्ट होय.

वाद आहे तो सराफ्यावरून. इंदूरच्या सराफा बाजारात सोन्याचांदीची दुकाने मिटली की त्यांच्या पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात आणि खरा रंग रात्री दहानंतर चढतो. आमच्या गटात साडेसातला जेवण आटोपते आणि साडेनऊला दिवे मालवतात. निम्म्या लोकांचे म्हणणे असे की या वयात मध्यरात्री तळलेले खाऊन कोणाचे भले झाले आहे? उरलेल्यांचे म्हणणे असे की सराफा टाळायचा असेल तर इंदूरला जायचेच कशाला, पोहे आपल्या कर्वे रस्त्यावरही मिळतात. शिवाय उज्जैन घ्यावे की नाही हा दुसरा प्रश्न आहेच. ज्यांनी वयस्कर मंडळींना घेऊन असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

खादाड_सदाशिव

ताई, सराफा अजिबात टाळू नका. दुपारी एक ते चार झोपण्याचा जो लौकिक पुण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे, त्याचा उपयोग अशा प्रसंगी करायचा नाही तर केव्हा करायचा? त्या दिवशी दुपारी सर्वांना सक्तीने झोपवा, संध्याकाळी फक्त चहा द्या, आणि नऊच्या सुमारास बाजारात पोहोचा. त्या वेळी बऱ्याचशा गाड्या लागलेल्या असतात, तेल ताजे असते आणि गर्दी अजून अंगावर येत नाही. साडेदहाला परत फिरलात तरी पाहण्यासारखे बहुतेक पाहून आणि खाण्यासारखे पुरेसे खाऊन झालेले असते.

औषधवाला

वरील प्रतिसादातील ‘संध्याकाळी फक्त चहा द्या’ या वाक्याला माझा आक्षेप आहे. मी आयुष्यभर औषधांचे दुकान चालवले आहे. या वयाच्या गटात मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे अनेक जण असतात, आणि त्यांतील काही औषधे नेहमीच्या वेळी घेऊन जेवण मात्र दोन तास पुढे ढकलले, तर साखर एकदम खाली येऊ शकते. हात थरथरणे, घाम फुटणे, बोलणे असंबद्ध होणे ही लक्षणे भर बाजारात दिसू लागली तर सोबतच्यांना आधी वाटते की माणूस दमला आहे. म्हणून सराफ्याच्या रात्री सात-साडेसातला प्रत्येकाने थोडा वरणभात किंवा दहीपोळी खावी, आणि औषधांच्या वेळा कशा बदलाव्यात हे निघण्यापूर्वीच आपापल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. इन्सुलिन बर्फाला चिकटवून ठेवू नये, ते गोठले की निकामी होते.

खादाड_सदाशिव

मान्य आहे. चहाबरोबर दहीपोळी जोडावी. मात्र वरणभात पोटभर खाऊन सराफ्यात जाणे म्हणजे मुंजीला जेवून जाण्यासारखे आहे.

नर्मदातीर

माझे माहेर इंदूरचे आणि सासर पुण्यात, त्यामुळे दोन्हीकडची बाजू मांडण्याचा मला अधिकार आहे असे मी समजते. सराफ्यातील खरी अडचण पचनाची नसून बसण्याची आहे. गल्ली अरुंद आहे, खुर्च्या जवळपास नसतात, आणि सारे काही उभ्याने खावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला अर्धा तास उभे राहणे हे दोन दहीवडे पचवण्यापेक्षा कितीतरी कठीण जाते. आम्ही आईला नेत असू तेव्हा घडीचे हलके स्टूल बरोबर घेत असू आणि एखाद्या बंद पेढीच्या ओट्याशेजारी तिला बसवून सगळे पदार्थ तिच्याकडे आणत असू. तुमच्या गटातही असे एक ठाणे करावे. तीन-चार धडधाकट जणांनी पदार्थ आणून द्यावेत आणि बाकीच्यांनी बसून खावेत.

दुसरी गोष्ट अशी की एक प्लेट तिघांत हा नियम निघतानाच जाहीर करावा. भुट्ट्याचा कीस घ्या. कोवळे मक्याचे कणीस किसून दुधात शिजवलेला असतो, त्यामुळे तो मऊ असतो आणि दात नसलेल्यांनाही चालतो. साबुदाण्याची खिचडी आपल्यासारखी तुपावर परतलेली नसते. वाफेवर मोकळा केलेला साबुदाणा तुमच्यासमोर मसाले आणि शेव घालून कालवून देतात. दहीवड्याच्या एका प्रसिद्ध दुकानात दह्याचा द्रोण हवेत भिरकावून झेलतात आणि पाच मसाले एकाच चिमटीत धरून एकेक करून वेगळा सोडतात. ते पाहण्यासाठी तरी तिथे थांबावे. गराडू मात्र फक्त थंडीतच मिळतो. कंदाच्या फोडी तळून वर जिरावण हा इंदुरी मसाला आणि लिंबू घालतात. तो गरमच खायचा असतो, गार झाला की चिवट होतो. कवळी असलेल्यांनी जरा जपून.

आणि शिकंजी मागवताना लिंबूपाण्याची अपेक्षा ठेवू नये. इंदूरची शिकंजी दाट, दुधाची आणि सुक्या मेव्याची असते. ती एक प्यायली की सराफा तिथेच संपतो, म्हणून ती शेवटी घ्यावी.

घाटमाथा

हे सगळे स्वतः आखण्यापेक्षा एखाद्या प्रवासी कंपनीबरोबर जाणे सोयीचे नाही का? बस, खोल्या, जेवण, सगळीच जबाबदारी त्यांची असते. सहल आखणारा माणूस सहलीत कधीच नसतो. तो सतत फोनवर असतो.

रिकामा_डबा

कंपनीबरोबर गेलो होतो. नाव घेत नाही. पहाटे पाचला दारावर टकटक, सहाला बॅगा दाराबाहेर, साडेसहाला न्याहारी आणि सातला बस, असा क्रम अखेरपर्यंत चालला. दिवसाला पाच स्थळे पाहिली, त्यांपैकी तीन बसच्या खिडकीतून. आणि जेवणात सर्वत्र मटार-पनीर, कारण ते कोणालाच तिखट लागत नाही. माळव्यात जाऊन दालबाफला न खाता परत आलेला माणूस तुम्हाला पाहायचा असेल तर सहकारनगरात या.

नर्मदातीर

दालबाफल्याबद्दल एक सूचना करते. बाफला आधी पाण्यात उकळतात, मग निखाऱ्यावर किंवा भट्टीत भाजतात आणि शेवटी तुपात बुडवतात. तो वरणात कुस्करून खायचा असतो. चवीला उत्तम, पण अतिशय जड. तो दुपारीच खावा, त्यानंतर दोन तास काहीही पाहायला जाऊ नये, आणि त्या रात्री सराफ्याचे नावही काढू नये. बाफला आणि सराफा एकाच दिवशी ठेवणाऱ्या संयोजकाला माझा नमस्कार.

निवृत्त_लेखापाल

मी प्रवासाच्या तिकिटांविषयी लिहितो, कारण इथे सगळे थेट सराफ्यात पोहोचले आहेत आणि पुणे स्थानकावरून अजून कोणीच निघालेले नाही.

पुण्याहून इंदूरला थेट गाडी आहे. ती दुपारी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचते, म्हणजे एकच रात्र गाडीत जाते. रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. पूर्वी ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सवलत असे, ती आता हिशेबात धरू नये. खालच्या बर्थचा राखीव कोटा मात्र आहे. पुरुषांसाठी वय ६० आणि स्त्रियांसाठी ४५ धरले जाते. गट करून जाणाऱ्यांच्या लक्षात न येणारी अट अशी की एका तिकिटावर एकटा किंवा दोनच प्रवासी असतील तरच हा कोटा लागू होतो. तुम्ही एका तिकिटावर सहा नावे घातलीत, तर साठी ओलांडलेल्या सहाही जणांचा त्या कोट्यात विचार होत नाही आणि कोणीतरी सत्तरीचा माणूस वरच्या बर्थकडे पाहत उभा राहतो. म्हणून दोन-दोन जणांची स्वतंत्र तिकिटे काढावीत. डबा एकच मिळाला नाही तरी चालेल, खालचा बर्थ मिळायला हवा.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, पूर्वीसारखे १२० दिवस नाही. तुमची तारीख ठरली की उलटे मोजून त्या सकाळी आठ वाजता तयार राहावे.

घाटमाथा

विमानानेही जाता येते की.

निवृत्त_लेखापाल

येते. ऐंशीच्या पुढच्या दोघांनी अवश्य विमानाने जावे आणि तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी, कारण विमानतळावरील चालणे कमी नसते. बाकीच्यांना गाडीत डबे उघडून खाण्याचा आनंद का नाकारावा?

ओवी_औंध

डब्यांवरून आठवले. पुणेकरांची सहल इंदूरला खायला चालली आहे आणि निघताना प्रत्येक जण चकली, चिवडा, दशम्या आणि लसणाची चटणी घेणार आहे, हे मी आताच सांगून ठेवते.

खादाड_सदाशिव

त्यात वावगे काय? २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेला धूळ चारली होती. तेव्हापासून होळकरांच्या मुलखात जाताना पुणेकराने शिदोरी आणि दारूगोळा घेऊनच जावे.

टेकडीवरचा_बाक

पोह्यांचा विषय निघालाच आहे म्हणून माझेही मत नोंदवतो. इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले असतात. त्यांवर भरपूर शेव, बडीशेपेचा हलका स्वाद, वर जिरावण आणि शेजारी जिलबी. आपल्या कांदेपोह्यांना फोडणीचा खमंगपणा असतो, त्यांना मऊपणा असतो. यात श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. तरीही गोड जिलबी पोह्यांबरोबर का खावी हे मला अजून उमगलेले नाही.

नर्मदातीर

घास घ्या, लगेच उमगेल.

सराफ्याला ज्यांचा ठाम विरोध आहे त्यांच्यासाठी छप्पन दुकान हा उत्तम पर्याय आहे. नावाप्रमाणे ५६ दुकानांची ही रांग सकाळपासून गजबजलेली असते, तिथे वाहनांना मज्जाव आहे, फरसबंदी सपाट आहे आणि बसायलाही जागा आहे. खोबऱ्याचे सारण भरलेले खोपरा पॅटिस तिथे अवश्य खावे. स्वच्छतेबद्दल म्हणाल तर इंदूर २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले येत आहे आणि ते रस्त्यावर चालताना जाणवते. ज्येष्ठांच्या सहलीत स्वच्छतागृह ही सोय नसून वेळापत्रक ठरवणारी गोष्ट असते, हे इथे कोणीच अजून स्पष्ट लिहिलेले नाही, म्हणून मी लिहिते.

रिकामा_डबा

धन्यवाद. सगळ्यांच्या मनात होते.

सोनचाफा

महेश्वर आणि मांडूबद्दल कोणी बोलतच नाही. आम्ही आईबाबा आणि त्यांच्या मित्रमंडळींना घेऊन गेलो होतो. महेश्वर इंदूरपासून साधारण ९० किलोमीटर आहे. तिथे किमान एक मुक्काम करावा, धावती भेट देऊ नये. अहिल्याबाईंनी इंदूरहून आपली राजधानी इथे आणली, आणि त्यांचा वाडा पाहिल्यावर राज्यकर्त्याने किती साधे राहावे याचा अंदाज येतो. सकाळी तिथे लिंगार्चनाची पूजा चालते. ब्राह्मण पाटावर ओळीने बसून काळ्या मातीची बोटाच्या पेराएवढी शिवलिंगे वळतात, ती ताटांत ओळीने मांडतात आणि पूजेनंतर नर्मदेत विसर्जित करतात. त्या वळणाऱ्या बोटांकडे आमच्या बाबांचे मित्र तासभर पाहत बसले. मग त्यांना घाट दाखवायचे कोणाच्याच मनात आले नाही.

घाटावर उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत. सकाळी उतरून संध्याकाळी पुन्हा उतरायचा बेत करू नये, कारण प्रत्येक उतरण्याला एक चढणे असते. संध्याकाळीच एकदा जावे आणि अंधार पडेपर्यंत बसावे. विणकरांकडे माहेश्वरी साडी पाहताना काठाकडे लक्ष द्यावे. किल्ल्याच्या भिंतीवरील नक्षी आणि नदीची लाट त्या काठांत उतरलेली दिसते. ‘खरेदी नाही’ असे ठरवलेल्या गटाने इथे काय केले ते मला परत आल्यावर कळवावे.

घाटमाथा

मांडूला पावसाळ्यात जावे. हिवाळ्यात काय पाहायचे?

सोनचाफा

पावसाळ्यातील मांडू अधिक सुंदर आहे हे खरेच, जहाज महालाच्या दोन्ही बाजूंचे मुंज आणि कपूर तलाव भरल्याशिवाय ते जहाज वाटत नाही. परंतु ओल्या, शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवरून पंचाहत्तरीच्या माणसाला नेण्याची जबाबदारी मी तरी घेणार नाही. आणि गराडू पावसाळ्यात मिळत नाही. गटाने एकतर तलाव निवडावा किंवा गराडू.

मांडूत वेळेची काटकसर करू नये, स्थळांची करावी. जहाज महाल, जवळचा कलत्या भिंतींचा हिंडोला महाल आणि गावातील होशंगशाहाची संगमरवरी कबर, एवढे सकाळी पुरते. या कबरीचे काम पाहायला १६५९ मध्ये शाहजहानचे वास्तुतज्ज्ञ आले होते, असा शिलालेख तिथेच आहे. रूपमतीचा मंडप शेवटी ठेवावा. तिथे चढ आहे, वरून निमाडचा सपाट प्रदेश दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर नर्मदेची रेघ दिसते. ज्यांना चढायचे नाही त्यांनी खालीच थांबावे. रस्त्याच्या कडेला जाड बुंध्याच्या गोरखचिंचेची झाडे आहेत, तिथे तिला ‘मांडू की इमली’ म्हणतात आणि तिची फळे विकतात. आंबट गर चोखत आमच्यातील चौघी ज्या गप्पा मारत बसल्या, त्या संपेपर्यंत वरून आलेली मंडळी ताटकळत उभी होती. जेवायला पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेले मक्याचे पानिये आणि वरण मिळाले तर सोडू नका.

भक्तिमार्गी

इतक्या दूर जाऊन महाकालाचे दर्शन न घेता परत येणे मला पटत नाही. उज्जैन इंदूरपासून जेमतेम ५५ किलोमीटर आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक तिथे, दुसरे ओंकारेश्वर महेश्वरच्या वाटेवर थोडे वळून. भस्मारती तर आयुष्यात एकदा पाहावीच.

औषधवाला

आदर राखून लिहितो. भस्मारती पहाटे चारच्या सुमारास होते, तिच्यासाठी आधी नोंदणी लागते आणि प्रत्यक्षात मध्यरात्रीनंतर लगेचच तयार होऊन निघावे लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये खुल्या झालेल्या ‘महाकाल लोक’ या मार्गिकेमुळे मंदिराचा परिसर भव्य झाला आहे, तसेच चालणेही वाढले आहे. सराफ्याचे जागरण नको म्हणणाऱ्या मंडळींना भस्मारतीचे जागरण चालते, हे मला वैद्यकशास्त्राच्या आधारे समजावून सांगता येत नाही.

भक्तिमार्गी

त्याला श्रद्धा म्हणतात.

खादाड_सदाशिव

आमच्याकडे त्याला भूक म्हणतात.

निवृत्त_लेखापाल

वाद वाढण्यापूर्वी एक व्यवहार्य सूचना करतो. सगळ्यांनी सगळीकडे गेलेच पाहिजे हा हट्ट गट सोडत नाही, म्हणून असे वाद होतात. इंदूरच्या मुक्कामात एक दिवस मोकळा ठेवा. ज्यांना उज्जैनला जायचे आहे त्यांनी सकाळी वेगळी गाडी करून नेहमीच्या वेळेचे दर्शन घेऊन यावे. उरलेल्यांनी राजवाडा पाहावा. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत, ते बाहेरून निवांत निरखायलाही अर्धा तास लागतो. मग होळकरांचा लालबाग महाल पाहावा आणि दुपारी झोपावे. दोन्ही गाड्यांचा खर्च आपापल्या गटाने सोसावा, सामायिक खात्यात मिसळू नये. मैत्री टिकते.

मृण्मयी_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. आज टेकडीवर हे सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. दोनदा हशा आणि एकदा भांडण झाले.

ठरले ते असे. दोन-दोन जणांची तिकिटे काढू, दोघे ज्येष्ठतम विमानाने येतील. पोहोचल्याच्या दिवशी काही पाहायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी छप्पन दुकान, दुपारी झोप, साडेसातला दहीपोळी आणि नऊला सराफा. ज्यांना यायचे नाही त्यांनी हॉटेलात पत्ते खेळावेत, त्यांच्यासाठी मावाबाटी ही खव्याची मिठाई बांधून आणू. तिसरा दिवस उज्जैनवाल्यांचा आणि राजवाडावाल्यांचा. त्यानंतर महेश्वरला दोन मुक्काम, तिथून जवळ असल्याने मांडू, आणि परत. दालबाफला मांडूहून आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे संध्याकाळी काहीच करायचे नाही. ऐंशीच्या पुढच्या दोघांपैकी एकांनी सराफ्याच्या बाजूने मत दिले आणि विरोधकांतले सर्वांत तरुण सदस्य त्रेसष्टचे आहेत, हेही नोंदवते.

एक शंका उरली आहे. महेश्वर-मांडूसाठी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यावी की छोट्या तीन गाड्या?

सोनचाफा

ट्रॅव्हलरमध्ये सगळे एकत्र असतात, गाणी-गप्पा होतात, पण तिची पहिली पायरी फार उंच असते. आम्ही स्नानगृहातले असते तसे प्लॅस्टिकचे रुंद, बुटके स्टूल पुण्याहून नेले आणि ते ठेवणे-उचलणे हे काम एकाच माणसाकडे सोपवले. चालकाकडे सोपवू नये, तो ते तिसऱ्या थांब्यावर विसरतो. पुढच्या दोन जागा ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी ठेवा, मानासाठी नव्हे.

नर्मदातीर

आणि गाडी ठरवताना टपावर सामानाचा कठडा आहे ना, हे विचारून घ्या. महेश्वरहून निघताना साड्यांच्या पिशव्या वाढलेल्या असतील.

रिकामा_डबा

एक जागा शिल्लक आहे का? मटार-पनीर चालत नाही, बाकी सगळे चालते.

मृण्मयी_कोथरूड

आहे, पण बर्थ वरचा मिळेल.